दाताने तोडलेला दोरा

दुकानात एक नियम होता. दोरा कात्रीने कापायचा. दाताने तोडायचा नाही.

नियम बाईंचा. बाई म्हणजे दुकानाच्या मालकीण. गिऱ्हाइकं त्यांना बाई म्हणत, पोटची पोरंही बाईच म्हणत, आणि सून आली तीही चार दिवसांत बाईच म्हणायला लागली. दुकान रफूचं होतं. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, कपाटात कसरीने स्वेटर खाल्ला, खिळ्याला अडकून पँट फाटली, की लोक तिथे येत. बाई कपडा उलटा करत, आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे उपसून काढत आणि त्यांनीच भोक विणून टाकत. उभा धागा, आडवा धागा, एकाखालून एक. काम झालं की कपडा खिडकीशी नेऊन उजेडावर धरायचा. भोक कुठे होतं ते बाईंनाही सापडलं नाही, तर काम पास.

दाताने तोडलेल्या दोऱ्याचं टोक ओलं होतं, पिंजतं. त्या वेळी काही दिसत नाही. कपडा धुतला, वरून इस्त्री फिरली, की तिथे बारीक पुटकुळी उठते. "थुंकी लपत नाही," बाई म्हणत.

आणखी एक गोष्ट त्या म्हणत. माणूस कसा आहे ते त्याला विचारू नये, त्याचा टाका बघावा. हे काही उगाच नव्हतं. त्यांच्या नवऱ्याला काहीतरी होतंय हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळलं होतं. त्याचा टाका उजवीकडे झुकायला लागला होता. लेक सासरहून दोन दिवस राहायला आली तेव्हाही तसंच. हसत होती, बडबडत होती. बाईंनी तिच्या हातात एक शाल दिली. लेकीने दोरा असा ताणला की शालीला सुरकुती पडली. बाईंनी शाल उजेडावर धरली, घडी घातली आणि म्हणाल्या, "परत जायचं नाही. बॅग मी मागवून घेते." लेक गेली नाही. तेव्हापासून दुकानाचं काउंटर तीच सांभाळायची.

त्यामुळे सुनेच्या बाबतीतही त्या टाकाच बघत राहिल्या, यात नवल काही नाही.

सून आधी कपड्यांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची. बाईंचा मुलगा मालट्रकवर ड्रायव्हर. माल उतरवायला कारखान्यात गेला आणि मन तिथेच उतरवून आला, असं त्याची बहीण सांगायची. लग्न झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी सुनेला एक फाटका कोट दिला. तिने तो परत केला तेव्हा बाई खिडकीशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकं बारीक तर मीही नाही करत." त्या दिवसापासून तिचं नाव बारीक पडलं. अंगाने होतीच. गिऱ्हाइकं येऊन विचारत, बारीक आहे का आत? तिला दिवस गेले, पोट दिसायला लागलं, तेव्हा नणंद म्हणाली, "आता पाटी बदलावी लागणार गं तुझी." बारीक खूप हसली होती. तोंडातली सुई काढून ठेवून हसली होती.

मुलगा झाला. बाळंतपण अवघड गेलं, पण दोघं सुखरूप घरी आली. सगळे म्हणाले, सुटलीस.

तिला सुटल्यासारखं वाटलं नाही. दवाखान्यात नर्सने बाळ कुशीत ठेवलं तेव्हाच तिच्या मनात आलं होतं, हे कोणाचं आहे? स्टेशनवर कुणीतरी अनोळखी माणूस म्हणतो ना, जरा सामान बघा, मी आलोच, तसं काहीतरी तिच्याजवळ ठेवलं होतं. तो माणूस परत येईना. ती सामान बघत बसली. दूध आलं. वेळच्या वेळी आलं, भरपूर आलं. माया आली नाही. ती वाट बघत राहिली. दूध येतं तर तीही येईल, उशीर झाला असेल.

बाळ रडलं की ती उठायची. लंगोट बदलायची, अंघोळ घालायची, पाजायची. सगळं नीट. मग भिंतीकडे तोंड करून पडायची. रडू यायचं पण कशाचं ते कळायचं नाही. नवरा चार-चार दिवस रस्त्यावर. फोन करायचा, विचारायचा, "काय करतोय आपला साहेब?" ती म्हणायची, "झोपलाय." जागा असला तरी म्हणायची.

मग ती नखांची गोष्ट घडली.

बाळाची नखं वाढली होती. कागदासारखी पातळ, पण धार अशी की गालावर ओरखडे. सकाळची वेळ होती. ऊन पलंगावर आलं होतं. बारीकने कामाची छोटी कात्री घेतली, टोकदार, तिच्या सवयीची. बाळाचं बोट धरलं. आणि कोणीतरी कानाशी सांगावं तसं मनात आलं: ही खुपसली तर.

एवढंच. आवाज नाही, राग नाही. ती बाळावर चिडली नव्हती. ते तर बघत होतं तिच्याकडे, पाय मारत होतं.

तिने कात्री खाली ठेवली. मग उशीखाली. मग तिथून काढून कपाटावर, मागच्या बाजूला. हात धुतले. परत धुतले. परत आली तर विचार तिथेच बसलेला, पलंगावर, बाळाच्या शेजारी.

त्या दिवसानंतर तो कधीही यायचा. भाजी चिरताना. जिन्यावरून बाळाला खाली नेताना. खिडकी उघडी असताना. चांगली आई असती तर हे सुचलं असतं का? ती स्वतःला विचारायची आणि उत्तर तिला माहीत होतं. सांगणार कुणाला? आणि कोणत्या तोंडाने? आपल्याच पोराला मारायचं मनात येतं, असं कुणी बोलून दाखवतं का? तिने एकच ठरवलं. बाळाजवळ एकटं राहायचं नाही. आणि बाळ असेल त्या खोलीत कात्रीला हात लावायचा नाही.

दुकान घराच्याच खालच्या मजल्यावर होतं. एके सकाळी ती खाली आली आणि म्हणाली, "बाई, मला काम द्या."

"एवढ्यात?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अंगात ताकद आहे का?"

"बसून तर करायचंय."

"आणि बाळ?"

"ताईंकडे राहील ना."

नणंद काउंटरवरून म्हणाली, "ताईंकडे राहील ना. ताईंना विचारलंय का कुणी?" पण हात पुढे केलेच होते. बाळ तिच्या खांद्यावर गेलं आणि लगेच गप्प झालं.

बाईंनी एक कोट दिला. गर्द निळा लोकरी कोट, खांद्यावर इस्त्रीने जाळलेला. कोट शाळामास्तरांचा होता. निवृत्तीच्या कार्यक्रमाला घालायचा होता आणि त्याच सकाळी जाळून घेतला होता. अवघड काम. बारीक खाली मान घालून बसली. भोकाच्या कडा मोकळ्या केल्या, दुमडीतून धागे उपसले, एकेक धागा सुईत ओवला. उभा, आडवा. त्यात एक बरं होतं. डोळ्यांसमोर फक्त तो नखाएवढा तुकडा उरायचा. बाकी काही नाही. ना बाळ, ना विचार. ती त्या भोकात शिरायची आणि आतून बंद करून घ्यायची.

दोरा संपला. कात्री शेजारीच होती. नणंद बाळाला घेऊन पाठीमागे फेऱ्या घालत होती, "आत्याचं कोण गं ते, आत्याचं कोण" करत. बारीकने कोट तोंडाशी नेला आणि दोरा दाताने तोडला.

बाईंनी कोट उजेडावर धरला. खांदा चाचपला. उलटा केला, सुलटा केला.

"कुठे होतं गं?"

बारीकने बोट ठेवलं.

बाईंनी परत बघितलं आणि कोट छातीशी धरला. "हात जाग्यावर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे माणूस जाग्यावर आहे."

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो म्हणाला, ती बोलतच नाही फोनवर, बरी आहे ना? बाई म्हणाल्या, "तिचा टाका बघितला मी. आजवर झाला नव्हता असा टाका. बोलत नाही म्हणजे दमत असेल. तू गाडी नीट चालव."

आणि खरंच, तसं काम तिने कधी केलं नव्हतं. लोक लांबून यायला लागले. ती सकाळी बसायची ती उजेड जाईपर्यंत. पाजायला तेवढी उठायची, तीही नणंदेला शेजारी बसवून.

"माझं काय काम इथे? मला काय दूध येणार आहे?" नणंद म्हणायची.

"बसा ना ताई. करमत नाही मला."

"पोराची आई तू की मी, एकदा ठरवून टाक बाई. तुझा मुलगा माझ्याकडे भाडेकरू म्हणून आला आणि आता घर खाली करत नाही."

बारीक हसल्यासारखं करायची. नणंदेला ते खटकायचं. पण तिलाही आईचंच वळण. तीही टाक्याकडे बघायची आणि गप्प बसायची. शिवाय, तिच्या मांडीवर पोर होतं. सासरी तिला ते लाभलं नव्हतं. ते पोर तिच्या हाताची करंगळी धरून झोपायचं. माणूस अशा वेळी फार प्रश्न विचारत नाही.

बाळाच्या गालावर मात्र ओरखडे असायचेच. "नखं काप की गं याची," नणंद म्हणायची. बारीक म्हणायची, "कापते." मग एक दिवस नणंदेनेच कापली.

शाळामास्तर परत आले तेव्हा थंडी सुरू झाली होती. कोट त्यांच्या हातावर होता. माणूस सज्जन, तक्रार करतानाही ओशाळलेला. "बाई, एरवी मी आलो नसतो. ड्रायक्लीनला दिला होता. तिथून आला तर हे असं."

खांद्यावर पुटकुळ्या उठल्या होत्या. एक नाही, ओळीने.

बाईंनी कोट उलटा केला. अस्तर उसवलं. भिंग घेतलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. मास्तरांना त्या म्हणाल्या, उद्या या. ते गेल्यावर कपाट उघडून त्यांनी तयार कपडे एकेक करून उलटे केले. पांढरा स्वेटर, काळी पँट, कुणाचीतरी शाल. प्रत्येक टोक पिंजलेलं.

"बारीक."

ती आतून आली.

"हे सगळं दाताने तोडलंस?"

बारीकने मान डोलावली.

"मी तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? एवढा देवाने हात दिला, आणि दोन बोटं पुढे करून कात्री उचलायचा आळस? का नाव मोठं झालं म्हणून नियम राहिला नाही? बोल की. तोंडात दात आहेत, जीभ नाही का?"

नणंद बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. "बाई, जाऊ दे ना."

"जाऊ दे कसं? ही घे." बाईंनी टेबलावरची कात्री उचलली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली. "काप. माझ्यासमोर एक दोरा काप, मग बोलू."

कात्री हातात. बाळ दोन हातांच्या अंतरावर. बाळाने तिच्याकडे बघून हात पुढे केला. त्याला ते चमकणारं काहीतरी हवं होतं.

कात्री खाली पडली. बारीक दुकानाबाहेर गेली. पळाली नाही, नुसती चालत गेली, घरातल्या सपातांवर, स्वेटर न घालता. बाई म्हणाल्या, "बघा, एक शब्द बोलायची सोय नाही."

नणंदेला ती बस थांब्यावर सापडली. बाकावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. एक बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने बघितलं, दार लावलं, गेली.

"वेडी का काय तू? बाईंचं बोलणं कधीपासून मनावर घ्यायला लागलीस?" नणंद बाळासकट जवळ जायला लागली.

"ताई, जवळ आणू नका त्याला."

"अगं थंडीत..."

"आणू नका म्हटलं ना. मी काहीतरी करीन त्याला."

नणंद थांबली. बारीकने मान वर केली नाही. जमिनीकडे बघत बोलत राहिली. कात्रीचं सांगितलं. जिन्याचं सांगितलं, खिडकीचं. मी रोज खाली येऊन बसते ते कामासाठी नाही, तो माझ्यापासून लांब राहावा म्हणून. तुम्ही होतात म्हणून तो आहे. मला तो आवडत नाही असं नाही. मला काही वाटतच नाही हो. आणि हे मात्र वाटतं. मी कसली बाई आहे?

नणंदेचे हात बाळाभोवती घट्ट झाले. हे बारीकने बघितलं. तेवढ्यासाठीच जणू तिने मान वर केली होती. नणंदेलाही कळलं की तिने बघितलं. तिला निघून जाता आलं असतं. तिने बाळाला शालीत गुंडाळलं आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"कधीपासून?"

"नखं कापत होते तेव्हापासून."

"तेव्हापासून रोज?"

"रोज."

नणंदेने शाल बाळाच्या डोक्यावर ओढून घेतली. मग म्हणाली, "मी इथेच बसते. तू तिथेच बस. बस आली की तिघं जाऊ दवाखान्यात."

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. त्यांना धक्का बसला नाही याचाच बारीकला धक्का बसला. त्या म्हणाल्या, हे आजारपण आहे, बाळंतपणानंतर अनेकींना येतं, त्याला औषध आहे. म्हणाल्या, "तुझ्या मनात येतं ती इच्छा नाही, भीती आहे. तुला करायचं असतं तर तू कात्री कपाटावर ठेवली नसतीस." गोळ्या लिहून दिल्या. दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं. नणंदेला बाजूला घेऊन सांगितलं, तिला एकटं ठेवू नका, काळजी तिचीही करायची आहे, फक्त बाळाची नाही. आणि विचारलं, हे आधी का नाही कळलं कुणाला?

घरी येऊन नणंदेने बाईंना सगळं सांगितलं. बाई ऐकत होत्या. मांडीवर तोच निळा कोट होता. त्या एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत राहिल्या.

"पण टाका तर सरळ होता."

मग त्यांनी दुकानातल्या सगळ्या कात्र्या एका डब्यात भरल्या आणि डबा स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुणाला दोरा कापायचा असला की त्यांच्याकडे जावं लागे. गिऱ्हाइकासमोर नणंद म्हणायची, "आमच्या बाईंनी कात्र्या तारण ठेवल्यात." बारीकला कुणी काही बोललं नाही. नवरा ट्रक सोडून पंधरा दिवस घरी राहिला. तो तिच्या उशाशी बसून म्हणायचा, "मला सांगायचंस ना." ती म्हणायची, "काय सांगणार होते?" तो उठून तिच्या गोळ्या आणायचा.

बरं व्हायला वेळ लागला. एक औषध सोसलं नाही, दुसरं दिलं. मध्येच चार दिवस चांगले जायचे आणि पाचव्या दिवशी ती परत भिंतीकडे वळायची. तोपर्यंत बाळ आत्याजवळ झोपायला लागलं होतं. तेच सोयीचं होतं. वरचं दूध आत्याच पाजायची. ताप आला तर आत्या जागायची. पहिलं पाऊल त्याने काउंटरपासून आत्यापर्यंत टाकलं. बारीक तेव्हा दवाखान्यात होती.

उन्हाळ्याच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं, विचार येतो, पण पूर्वीसारखा ठाण मांडत नाही. येतो, जातो. मग एका दुपारी मुलगा अंगणात चिमण्यांच्या मागे धावताना फतकल मारून बसला आणि स्वतःच हसला, आणि तिच्या छातीत काहीतरी हललं. कळ आल्यासारखं. ती उभीच राहिली. आलं होतं. इतक्या उशिरा, पत्ता विचारत विचारत, आलं होतं.

ती त्याच्याकडे गेली आणि हात पसरले. "ये."

त्याने बघितलं. ओळखलं. दुकानात सगळे म्हणायचे तेच तो म्हणाला, "बालीक." आणि तिला वळसा घालून दाराकडे धावला, तिथे आत्या उभी होती. "आई," तो म्हणाला, आणि आत्याच्या गुडघ्यांना मिठी मारली.

त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आत्या तर रोज दुरुस्त करायची. आत्ताही तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "अरे, मी आत्या. आई ती बघ, तिकडे." मुलाने तिकडे बघितलं आणि तोंड लपवलं.

"राहू दे ताई," बारीक म्हणाली. "घाई नको त्याला."

त्या रविवारी तिने बाईंकडे कात्री मागितली. दुकान बंद होतं. बाईंनी काही विचारलं नाही. कुलूप काढलं, डबा उघडला. कोणती देऊ असं नुसतं बघितलं. बारीकने छोटी उचलली, टोकदार, तिच्या सवयीची.

"त्याची नखं वाढलीत," ती म्हणाली.

तो तिच्या मांडीवर बसेना. अंग ताठ करून रडायला लागला. म्हणून आत्या पलंगावर बसली, तिच्या मांडीवर तो, आणि समोर खाली जमिनीवर बारीक. ऊन आलं होतं. बाई दारात उभ्या होत्या, बारीकचा नवरा त्यांच्या मागे.

तिने अंगठा धरला. विचार आला. तिला माहीतच होतं येणार. तिने त्याला बसू दिलं आणि नख कापलं.

मग तर्जनी. मग मधलं बोट. टाका घालताना धरायची तसा श्वास धरून. मुलगा एकेक बोट पुढे करत होता, न्हाव्याकडे बसलेल्या मोठ्या माणसासारखा. तो निरोगी होता. गालावर, हातावर, कुठेही काही नव्हतं. एवढ्यासाठीच तर ती त्याच्यापासून लांब राहिली होती, आणि तो तसाच राहिला होता, जसाच्या तसा, दुसऱ्या बाईच्या मांडीवर.

बारीकच्या हातावर काहीतरी ओलं पडलं. तिने वर बघितलं. नणंद रडत होती. आवाज न करता, पण सगळं अंग हलत होतं, आणि तिच्याबरोबर मांडीवरचा मुलगाही.

"हलू नका ताई," बारीक म्हणाली. "करंगळी राहिलीय अजून."